सगळ्या पेशींत डीएनए एकच, मग हिमोग्लोबिन लाल पेशीतच का बनतं?

एका बीएस्सीच्या मुलाचा प्रश्न आहे. शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए सेम असतो तर हिमोग्लोबिन लाल पेशीतच का बनतं, जीन ऑन होतं ऑफ होतं म्हणजे रेणूंच्या लेव्हलला नक्की काय होतं, आणि पुस्तकात जे लॅक ऑपेरॉन शिकवतात ते माणसात पण तसंच चालतं का. प्रश्न फार चांगलाय आणि याचं दोन ओळीत उत्तर दिलं तर ते चुकीचंच होणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या डीएनए तपासण्यांचं काम बरीच वर्षं करतेय, त्यामुळे उदाहरण ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रोटीन साखळ्यांच्या, जीन्सचंच घेणार. ते मला जवळचं आहे हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे जीन रेग्युलेशनमधलं जवळपास सगळं काही या एका ठिकाणी बघायला मिळतं.

आधी एक दुरुस्ती. रक्तात फिरणाऱ्या तयार लाल पेशीत केंद्रकच नसतं, म्हणजे डीएनए पण नसतो. हिमोग्लोबिनचा सगळा निर्णय त्याआधीच, हाडांच्या मगजात, पेशी अजून केंद्रक बाळगून असते तेव्हा होतो. तिथे शरीर दर सेकंदाला वीस लाखाच्या वर लाल पेशी तयार करतं आणि प्रत्येकीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू भरले जातात. आणि तेच ग्लोबिनचं जीन मेंदूच्या किंवा त्वचेच्या पेशीत जसंच्या तसं असतं, एक अक्षर इकडेतिकडे नाही, पण तिथे ते जवळपास गप्प.

आता लॅक ऑपेरॉन. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलं की ई. कोलाय जिवाणूत एक प्रोटीन डीएनएच्या ठराविक तुकड्यावर बसून राहतं आणि पुढची जीन्स वाचू देत नाही, लॅक्टोज मिळालं की त्याच्यापासून झालेला एक रेणू त्या प्रोटीनला चिकटतो, त्याचा आकार बदलतो, ते डीएनएवरून सुटतं आणि वाचन सुरू होतं. यातला गाभा माणसालाही शंभर टक्के लागू आहे: डीएनएवरची छोटी अक्षरओळ ओळखणारं प्रोटीन असतं, ते तिथे बसतं किंवा बसत नाही, आणि त्यावर आरएनए पॉलिमरेज (डीएनए वाचून त्याची आरएनए ही नक्कल काढणारं एन्झाइम) त्या जीनचं वाचन करणार की नाही ते ठरतं. पण फरक मोठा आहे. जिवाणूचा डीएनए बऱ्यापैकी उघडा असतो, तिथे अडवलं नाही तर वाचन व्हायची शक्यताच जास्त. आपल्याकडे उलट आहे. आपल्या पेशीत साधारण दोन मीटर डीएनए आहे आणि तो हिस्टोन नावाच्या प्रोटीन्सवर गुंडाळलेला असतो, दर १४७ अक्षरांचा एक वेढा, त्याला न्युक्लिओसोम म्हणतात. वेढ्यात गेलेला डीएनए पॉलिमरेजला सहजासहजी मिळत नाही. म्हणजे आपल्याकडे काही केलं नाही तर जीन बंदच, चालू करायला मेहनत लागते. मला वाटतं ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं अर्धं सोपं होतं, पण क्लासमध्ये नेमकं हेच घाईघाईत उरकतात.

मग उघडतं कोण? लाल पेशी होऊ घातलेल्या पेशीत गाटा-१ नावाचं प्रोटीन भरपूर असतं. ते डीएनएवर जी-ए-टी-ए ही चार अक्षरं आणि आजूबाजूचं एकेक अक्षर बघून बसतं. आता एवढी छोटी ओळ तीनशे कोटी अक्षरांच्या जीनोममध्ये लाखो ठिकाणी येणारच, आणि येतेच, पण मोजून बघितलं तर गाटा-१ त्यातल्या एक टक्क्याहूनही कमी जागांवर बसलेलं सापडतं. कारण बाकीच्या जागा वेढ्यात दाबलेल्या असतात किंवा शेजारी साथीदार नसतो. गाटा-१ बहुतेक वेळा एकटं काम करत नाही, टाल-१, केएलएफ१, एलडीबी१ अशी मंडळी शेजारी लागतात, आणि ही सगळी एकाच वेळी पुरेशा प्रमाणात फक्त लाल पेशीच्या वंशातच असतात. लिव्हरच्या पेशीत ग्लोबिन का बनत नाही याचं उत्तर हेच. डीएनए तोच, पण ही टोळी तिथे नाही. ही प्रोटीन्स बसली की हिस्टोनला अॅसिटिल गट लावणारी एन्झाइम्स बोलावून आणतात. हिस्टोनच्या शेपटीवर धन भार असतो आणि डीएनएवर ऋण, म्हणून दोघं घट्ट धरून असतात, अॅसिटिल लागला की तो धन भार जातो आणि पकड सैल होते. शिवाय एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून न्युक्लिओसोम सरकवणारी वेगळी यंत्रं आहेत. आणि हे सगळं एकदा बसलं आणि संपलं असं नाही, एकेक प्रोटीन डीएनएवर बऱ्याचदा काही सेकंदच टिकतं, सुटतं, दुसरं येऊन बसतं. म्हणून जीनचं वाचन नळासारखं सलग नसतं, झटक्याझटक्याने होतं, थोडा वेळ भराभर आरएनए निघतात मग शांत. तुम्ही ज्याला ऑन म्हणता ते खरं तर "हे झटके वारंवार येतात" एवढंच असतं.

आता गंमत बघा. मोठ्यांच्या हिमोग्लोबिनात अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. त्यातल्या बीटा ग्लोबिनचं जीन आहे क्रोमोसोम ११ वर, जेमतेम १६०० अक्षरांचं, पॉलिमरेज ते मिनिटभरात वाचून काढतं. त्याच्या लगेच आधी प्रमोटर आहे, पॉलिमरेज बसतं ती जागा. पण नुसता प्रमोटर असून काही होत नाही. खरी ताकद आहे तिथून साधारण पन्नास हजार अक्षरं दूर असलेल्या एका पट्ट्यात, त्याला लोकस कंट्रोल रीजन किंवा एलसीआर म्हणतात. गाटा-१ आणि टोळी तिथेही बसते, आणि मधला डीएनए लूप होऊन तो पट्टा प्रत्यक्ष प्रमोटरजवळ येतो. हे आम्हाला कसं कळलं तर काही थॅलेसेमियाच्या कुटुंबांमुळे. डच आणि हिस्पॅनिक कुटुंबांत असे पेशंट सापडले की ज्यांचं बीटा जीन अक्षर न अक्षर बरोबर आहे, पण लांबचा तो एलसीआरचा भाग गळून गेलाय, आणि त्या क्रोमोसोमवरून बीटा ग्लोबिन बनतच नाही. जीन शाबूत, तरी मुकं! २०१२ मध्ये याच्या उलट प्रयोग झाला, गाटा-१ नसलेल्या उंदराच्या पेशीत एलडीबी१ हे प्रोटीन मुद्दाम बीटाच्या प्रमोटरवर नेऊन बसवलं, लूप जबरदस्तीने घडवला, आणि जीन बऱ्यापैकी जागं झालं. म्हणजे लूप हा परिणाम नाही, कारण आहे.

एलसीआर एकच आणि त्याच्यापुढे ओळीने पाच जीन्स आहेत: एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि शेवटी बीटा. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन चालतं, मग पोटात असेपर्यंत गॅमा, जन्माच्या आसपास बीटा. गावात टँकर एकच आणि तो ज्याच्या दारात थांबेल त्याच्याच घागरी भरणार, तसं आहे हे. गॅमावाल्या हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिन एफ म्हणतात, ते ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं म्हणून बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेता येतो. मोठ्यांचं ते हिमोग्लोबिन ए.

हा बदल आम्ही रोज मशीनवर बघतो. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, तिच्या ग्राफवर नवजात बाळाचा एफचा पीक एवढा मोठा असतो की बाकी काही नीट दिसतच नाही, आणि तेच मूल वर्षा-दीड वर्षाचं होऊन परत आलं की एफ एक-दोन टक्क्यांवर येऊन ठेपलेला असतो. सिकलसेलच्या एसएस पॅटर्नच्या (आईबाप दोघांकडून सिकलचं जीन आलेल्या) बाळाला पहिले पाच-सहा महिने काही त्रास नसतो तो याच्यामुळेच. सिकलचा दोष बीटामध्ये आहे, सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलीन येतं, जीएजीचं जीटीजी होतं एवढंच, पण बीटाच अजून फारसं बनत नाहीये तर दोष दिसणार कुठून. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी हे १९४८ मध्येच ओळखलं होतं, त्या दोषाचं अक्षर सापडायच्या कितीतरी आधी. याच कारणाने सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची नुसती सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलची झटपट प्राथमिक चाचणी) करून "सिकल नाही" असं सांगू नये, एफ जास्त असला की ती निगेटिव्ह येऊ शकते. हे मी मुद्दाम लिहितेय कारण अजूनही असे रिपोर्ट हातात घेऊन आईबाप येतात.

तर मग गॅमा बंद कोण करतं? हा प्रश्न कितीतरी वर्षं पडून होता. काही लोकांत गॅमा मोठेपणीही चालूच राहतं आणि त्यांना काहीच त्रास नसतो. त्यांचे डीएनए वाचले तर गॅमाच्या प्रमोटरमध्ये एकेका अक्षराचे बदल सापडले, जास्त करून जीनच्या सुरुवातीपासून मागे ११५ आणि २०० अक्षरांच्या आसपास. बदल आहेत हे माहीत, का परिणाम होतो ते माहीत नाही. मग २००७-०८ मध्ये हजारो लोकांचा एफ आणि त्यांचा जीनोम ताडून बघितला, त्यात क्रोमोसोम २ वरचं बीसीएल११ए हे जीन पुढे आलं. तोपर्यंत त्याची ओळख पांढऱ्या पेशींशी संबंधित म्हणून होती, ग्लोबिनशी त्याचं नातं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २००८ मध्येच दाखवलं गेलं की माणसाच्या लाल पेशींत बीसीएल११ए कमी केलं की गॅमा वाढतं. आणि २०१८ मध्ये कळलं की हे प्रोटीन नेमकं कुठे बसतं.

ते जरा जवळून बघू, कारण मला यापेक्षा सुंदर उदाहरण माहीत नाही. बीसीएल११ए ओळखतं सहा अक्षरं, टी-जी-ए-सी-सी-ए. गॅमाच्या प्रमोटरमध्ये ही सहा अक्षरं दोनदा येतात, एक जागा ११५ च्या जवळ आणि दुसरी तिच्यापुढे, ८८ च्या जवळ. बीसीएल११ए लांबची जागा पसंत करतं. जवळच्या जागेवर एनएफ-वाय नावाचं वाचन वाढवणारं प्रोटीन बसू बघतं. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत, पण इतक्या जवळ की एक बसलं की दुसऱ्याला अंगच टेकवता येत नाही. मोठ्या माणसात बीसीएल११ए भरपूर, ते जागा धरतं, सोबत हिस्टोनचे अॅसिटिल गट काढून टाकणारं नर्ड नावाचं कॉम्प्लेक्स आणतं, वेढे परत आवळले जातात, एनएफ-वाय बाहेर आणि एलसीआर बीटाकडे. गर्भात बीसीएल११ए कमी, म्हणून एनएफ-वाय जिंकतं. एवढंच. यात कुणी ठरवत नाही, कुणी हुकूम देत नाही, कोणतं प्रोटीन किती आहे आणि कुणाला कुठे जागा मिळते यावर सगळं चाललंय. आणि त्या सहा अक्षरांतलं दुसरं, म्हणजे मागे ११७ व्या जागेचं जी, ते बदलून ए झालं की बीसीएल११ए ला पकड मिळत नाही. ग्रीक कुटुंबांत एफ जन्मभर जास्त राहतो तो याच एका अक्षराने. २०० च्या आसपासची जागा झेडबीटीबी७ए नावाच्या दुसऱ्या रोखणाऱ्या प्रोटीनची निघाली.

आता साहजिक वाटेल की बीसीएल११ए च काढून टाका, सिकलसेल बरा होईल. पण तेच प्रोटीन मेंदूच्या वाढीला आणि बी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना लागतं. ज्या मुलांत त्याची एक प्रत खराब असते त्यांचा एफ वाढलेला असतो खरा, पण बौद्धिक वाढ खुंटलेली असते. इथे रेग्युलेशन समजून घेण्याचा खरा फायदा झाला. २०१३ मध्ये सापडलं की बीसीएल११ए च्या आतच, दुसऱ्या इंट्रॉनमध्ये (जीनमधला प्रोटीनमध्ये न जाणारा तुकडा), एक एनहान्सर, म्हणजे वाचन वाढवणारा डीएनएचा पट्टा, आहे जो फक्त लाल पेशीच्या वंशात काम करतो, आणि त्याच्या गाभ्यात परत आपली ओळखीची जागा, गाटा-१ ची. ती तेवढी मोडली की लाल पेशीत बीसीएल११ए कमी होतं, मेंदूत आणि लिम्फोसाइटमध्ये धक्का लागत नाही. कॅसजेव्ही नावाचा क्रिस्पर उपचार (क्रिस्पर म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापायचं तंत्र) नेमका तिथेच कापतो. सिकलचं बिघडलेलं अक्षर तो दुरुस्त करतच नाही हे लक्षात घ्या, ते तसंच राहतं, फक्त गॅमाला परत वाव मिळतो. पेशंटच्या हाडांच्या मगजातल्या मूळ पेशी काढून, बाहेर कापून, परत दिल्या जातात. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे या सिकलसेलच्या पेशंटना २०१९ मध्ये तो मिळाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. किंमत तिकडे २२ लाख डॉलर आणि आधी जड केमोथेरपी घ्यावी लागते, त्यामुळे गडचिरोली नंदुरबारच्या पेशंटपर्यंत तो या स्वरूपात पोचणं अवघडच. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत स्वदेशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे आणि मला मनापासून वाटतं की त्याला पैसा आणि माणसं दोन्ही कमी पडू नयेत. तोवर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे, तेही एफ वाढवतं. नागपूरला मुलांवर झालेल्या अभ्यासात किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या कमी डोसवरही दुखण्याचे झटके चांगलेच कमी झाले होते. आपल्या भागातल्या बऱ्याच पेशंटमध्ये गॅमाच्या प्रमोटरजवळ, मागे १५८ व्या जागी, सीचं टी झालेलं असतं आणि त्यांचा एफ मुळातच जास्त असतो, म्हणून आफ्रिकी वंशाच्या पेशंटपेक्षा इथे आजार सरासरी सौम्य दिसतो. सरासरी म्हटलंय, सगळ्यांना नाही, कुणी याचा आधार घेऊन गोळी बंद करू नका.

डीएनएवर मिथाइल गट लावणं हाही जीन गप्प ठेवायचा एक प्रकार, मोठेपणी गॅमाच्या प्रमोटरवर ते असतात. १९८२ मध्ये अझासायटिडीन देऊन ते कमी केले तेव्हा एफ वाढला होता. पण हे औषध पेशींना विषारी, म्हणून ते रोजच्या उपचारात आलं नाही.

इथपर्यंत फक्त वाचन सुरू होण्याची गोष्ट झाली. पण आरएनए निघाला म्हणजे प्रोटीन झालं असं नाही, मधले इंट्रॉन कापून टाकावे लागतात. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सगळ्यात जास्त सापडणारा दोष इथलाच आहे, पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या जागी जीचं सी. प्रोटीनच्या कोडमधलं एकही अक्षर बदललेलं नाही, वाचनही व्यवस्थित होतं, पण कापायची जागा ओळखणाऱ्या यू-१ नावाच्या आरएनएची पकड त्या एका अक्षराने ढिली पडते, मग आजूबाजूच्या चुकीच्या जागांवर कापलं जातं आणि बरोबर जोडलेला आरएनए अगदी थोडा उरतो. जेव्हा नवराबायको दोघांच्याही रिपोर्टमध्ये हा बदल निघतो तेव्हा मी त्यांना हे चित्र काढून दाखवते, कारण "जीन खराब आहे" एवढं ऐकून लोकांना वाटतं की आपल्यात काहीतरी मोठं तुटलेलं आहे, आणि असतं ते एक अक्षर, तेही प्रोटीनमध्ये कधी न जाणाऱ्या भागातलं.

बरोबर जोडलेला आरएनए किती टिकतो हेही ठरवलेलं असतं. ग्लोबिनचा आरएनए फार टिकाऊ. अल्फा ग्लोबिनच्या आरएनएच्या शेपटीवर त्याला जपणारी प्रोटीन्स बसतात, म्हणून केंद्रक टाकून दिल्यावरही एक-दोन दिवस पेशी हिमोग्लोबिन बनवत राहते. आणि शेवटचा चेक प्रोटीन बनवतानाच आहे. ग्लोबिनच्या साखळीला हीम (ऑक्सिजन धरणारा छोटा रेणू) हवं आणि हीमला लोह. हीम कमी पडलं की एचआरआय नावाचं एन्झाइम जागं होतं, प्रोटीन सुरू करायला लागणाऱ्या ईआयएफ२ ला फॉस्फेट लावतं आणि ग्लोबिनचं उत्पादन मंदावतं, नाहीतर नुसत्या साखळ्या साचून पेशी मरेल. लोह कमी असलेल्या बाईच्या रक्ताच्या स्लाइडवर पेशी लहान आणि फिक्या दिसतात त्यात याचाही वाटा आहे.

आता तुम्ही नक्की विचाराल की गर्भात बीसीएल११ए कमी आणि नंतर जास्त, हे कोण करतं. तर त्याच्याही वर माणसं बसलीत. केएलएफ१ त्याला चालना देतं, माल्टातल्या एका कुटुंबात केएलएफ१ ची एक प्रत खराब निघाली आणि त्यांचा एफ जास्त होता. गर्भात एचआयसी२ हे प्रोटीन बीसीएल११ए ला दाबून ठेवतं, आणि लेट-७ नावाचे छोटे आरएनए वाढत गेले की एचआयसी२ कमी होतं. गर्भात लिन२८बी हे प्रोटीन लेट-७ ला वाढू देत नाही आणि बीसीएल११ए चं प्रोटीन बनणंही रोखतं. हे सगळं गर्भधारणेपासूनच्या वयाप्रमाणे चालतं, जन्माशी त्याचा संबंध नाही, म्हणून सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा एफ तारखेच्या आधी उतरत नाही. अशा बाळाचा एचपीएलसी रिपोर्ट वाचताना जन्मतारीख न बघता किती आठवड्यांचं बाळ होतं ते आधी विचारा.